'आर' भाषेतील लिस्ट : घडण आणि पारख

एका कुटुंबाची नोंद करावयाची आहे असे समजू. कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातील चौघांची वये आणि परसात विहीर आहे की नाही, एवढाच मजकूर. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडविलेल्या 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत ती ठेवू लागलो, की नवशिक्याच्या हाती प्रथम 'सी' ही आज्ञा येते. तिने जुळविलेल्या मालिकेस व्हेक्टर म्हणतात. त्याचा दंडक कडक आहे : साऱ्या घटकांचा प्रकार एकच हवा. नाव आत शिरले की वयेही अक्षरे होऊन बसतात. तेथे निदान बेरीज अडते व चूक उघडी पडते. खरा धोका निराळाच. ४५, ३८, १४ आणि ९ या वयांची सरासरी २६.५ होते. त्यांच्या शेजारी विहिरीचे 'ट्रू', म्हणजे 'होय', ठेवले तर त्याचा मुकाट्याने १ होतो आणि सरासरी २१.४ येते. यंत्र चकार शब्द काढीत नाही, आणि चुकीचा आकडा अहवालात जाऊन बसतो.

यावर उपाय 'लिस्ट' या आज्ञेचा. लिस्ट ही मसाल्याच्या डब्यासारखी आहे. प्रत्येक वाटीतील जिन्नस आपापल्या गुणधर्मानिशी राहतो. वाट्यांना नावेही देता येतात, व ती द्यावीतच. मात्र एकेरी चौकोनी कंसाने 'वये' मागितली तर वाटीसह लहानसा डबाच हाती येतो, आणि त्याची सरासरी निघत नाही. आतील जिन्नस हवा तर कंस दुहेरी घालावा. नवशिक्यांचा पुष्कळ वेळ या एका कंसापायी जातो.

आता पारख. 'इज डॉट व्हेक्टर' असे विचारले, तर साध्या लिस्टविषयीही उत्तर 'ट्रू' असेच मिळते, कारण या भाषेच्या हिशेबी लिस्ट हाही व्हेक्टरचाच एक प्रकार. म्हणून 'इज डॉट लिस्ट' असेच विचारावे. तेही निर्णायक नव्हे. डेटा फ्रेम नावाचा तक्ता म्हणजे सारख्या लांबीच्या स्तंभांची लिस्टच असल्याने, तोही होकारच देतो. तेव्हा 'एस्‌टीआर' ही आज्ञा देऊन आतील रचना डोळ्यांनी पाहावी, आणि तक्ता वेगळा काढावयाचा असेल तर 'इज डॉट डेटा डॉट फ्रेम' हा प्रश्न जोडीस विचारावा.