खोकला तंबाखूचा की क्षयाचा? हातात मावणारं एक्स-रे यंत्र काय सांगतं, काय सांगत नाही

चिकोडी : निपाणी-चिकोडी पट्ट्यात खोकल्याला कुणी फारसं विचारत नाही. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना ठसका लागतो, घरी विड्या वळताना धूळ नाकातोंडात जाते, आणि विडी ओढणारे तर घरोघरी आहेत. ‘तंबाखूचा खोकला आहे, कशाला दवाखाना’ म्हणत महिनेच्या महिने निघून जातात. त्यात एखाद्याचा खोकला क्षयाचा निघतो. पण तो निघेपर्यंत एकाच खोलीत झोपणाऱ्या बाकीच्यांनाही लागण झालेली असू शकते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2019 ते 2021 या काळात देशभर क्षयरोगाचं मोठं सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलेलं कारण म्हणजे लक्षणाकडे दुर्लक्ष. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या सर्वेक्षणात सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. म्हणजे ‘खोकला आहे का?’ एवढंच विचारत फिरलं तर दहातले चार हातातून जातात.

म्हणून आता एक्स-रे माणसाकडे न्यायचा, असं धोरण आलं आहे. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शंभर दिवसांच्या क्षय शोधमोहिमेत असली यंत्रं वापरली गेली. मोठ्या कॅमेऱ्यासारखं, बॅटरीवर चालणारं, चार-पाच किलोच्या आतबाहेर वजनाचं हे यंत्र गाडीच्या डिकीत बसतं. शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात, कारखान्याच्या आवारात शिबिर लावता येतं. फोटो थेट लॅपटॉपवर येतो. गरोदर बाईने मात्र आधी सांगावं, एवढी खबरदारी आहेच.

खरा बदल त्या लॅपटॉपमध्ये आहे. गावोगाव रेडिओलॉजिस्ट आणायचा कुठून? लाखो जुने एक्स-रे दाखवून शिकवलेला प्रोग्राम फोटो वाचतो, संशयाची जागा रंगाने दाखवतो आणि एक गुण देतो. असे प्रोग्राम बनवणाऱ्यांत मुंबईची क्यूअर एआय ही कंपनीही आहे. 15 वर्षांवरील लोकांच्या क्षय तपासणीत अशा प्रोग्रामचा वापर करायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण शिबिरात हमखास घोळ होतो तो इथेच. गुण जास्त आले म्हणजे क्षय झाला, असं नाही. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्याच्या छातीत व्रण राहतात, प्रोग्राम त्यालाही जास्त गुण देऊ शकतो. वर्षानुवर्षं धूळ-धूर घेतलेली छातीही स्वच्छ दिसत नाही. किती गुणांवर पुढे पाठवायचं, ही रेघ माणसंच ठरवतात. रेघ खाली घेतली तर तपासण्या आणि खर्च वाढतो, वर नेली तर रुग्ण निसटतात. वखारीतल्या चाळणीसारखंच आहे हे, भोकं किती मोठी ठेवायची हा हिशेबाचा प्रश्न. माझ्या मते आपल्या भागात रेघ खालीच हवी. फुकट गेलेली तपासणी परवडते, निसटलेला रुग्ण परवडत नाही.

निकाल लागतो तो बेडक्याच्या तपासणीत. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये हा जंतू जगापुढे मांडला, तेव्हापासून दुर्बिणीखाली बेडका तपासण्याची पद्धत चालत आली. पण दुर्बिणीखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार तरी लागतात. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट ही यंत्रं जंतूचा डीएनए शोधतात आणि शे-दीडशे जंतू असले तरी पकडू शकतात. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही कळतं. सीबीनॅटला साधारण दोन तास लागतात, पण स्थिर वीज आणि थंड खोली हवी. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि तासा-दीड तासात उत्तर देतं. बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने ते विकसित केलं, गोव्यातली मोलबायो कंपनी ते बनवते. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

एवढं यंत्र असूनही डबीत नुसती थुंकी दिली तर ते काही करू शकत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. तोही मोकळ्या हवेत, बंद खोलीत नको. कन्नड आशाताई ‘कफ’ म्हणतात तो हाच. तोंडातली लाळ नव्हे.

आता सीमेचा मुद्दा. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने हरकत घेतली, हे वाचक विसरले नसतील. क्षयाच्या बाबतीत ही भानगड नाही. कार्यक्रम देशाचा आहे आणि रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या एकाच पोर्टलवर होते. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पोषणासाठीचे महिन्याचे 500 रुपये 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले असून ते खात्यावर जमा होतात. सहा महिन्यांच्या उपचारात सहा हजार. बुडालेल्या मजुरीच्या मानाने थोडेच, पण सोडायचं कशाला?

या नोंदीचा सगळ्यात जास्त उपयोग ऊसतोडणी कामगारांना आहे. बीडकडून आलेल्या टोळ्या हंगामभर इकडे खोपटात राहतात आणि पट्टा पडला की निघतात. डिसेंबरमध्ये औषध सुरू झालं तर ते इथे संपत नाही. मधेच गोळ्या सुटल्या तर जंतू औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. निघण्याआधी दवाखान्यात सांगितलं तर त्याच निक्षय क्रमांकावर रुग्णाची नोंद गावाकडच्या केंद्राकडे पाठवता येते, उपचार तिथून पुढे चालतो. मुकादमाने निघायची तारीख दोन-चार दिवस आधी कळवली तर हे सहज होतं.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त यातलं काही असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. साठीच्या पुढचे, मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे, पूर्वी क्षय झालेले आणि रुग्णाच्या घरातले लोक यांनी लक्षण नसलं तरी शिबिर लागेल तेव्हा छाती दाखवून घ्यावी. निक्षयची मोफत हेल्पलाइन 1800-11-6666 आहे.