सिल्वासा ते गोवा : विमान तासाभराचे, प्रवास दिवसाचा

सिल्वासा आणि दाबोळी यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे ५५० किलोमीटर आहे. जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने हिशेब केला, तर पाऊण तासही लागू नये. प्रत्यक्षात मात्र दादरा व नगर हवेलीत प्रवासी विमानतळ नाही. जवळचा दमणचा हवाई तळ तटरक्षक दलाचा आहे आणि तेथून गोव्याला प्रवासी सेवा नाही.

एकेकाळी ती होती. भारताने केलेल्या नाकेबंदीनंतर पोर्तुगीजांनी गोवा, दमण आणि दीव येथे धावपट्ट्या उभारल्या व १९५५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची विमाने या तिन्ही ठिकाणांना कराचीशी जोडू लागली. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेबरोबर ती सेवाही संपली. सिल्वासा त्याआधीच, २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले होते, त्यामुळे त्या विमानांचा येथील जनतेला उपयोग असा झालाच नाही.

आज मार्ग दोन : मुंबई किंवा सुरत. मुंबई ते दाबोळी हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, तर मोपापर्यंत ३८५. (विमानक्षेत्रात अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. त्यामुळे कोठे २३० असा आकडा दिसला तर दचकण्याचे कारण नाही.) गणिताने हा प्रवास अर्ध्या तासाचा; वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास दाखवतात. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, रांग, चढण आणि उतरण यांत विमान पूर्ण वेगाने फार थोडा काळ उडते. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येत असल्याने थांबणे ओघानेच आले. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तेथेही नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा येतात.

खरा वेळ जातो तो रस्त्यावर. सिल्वासाहून मुंबई विमानतळ रस्त्याने १६५ ते १७० किलोमीटर. भिलाड, तलासरी, मनोरपर्यंत गाडी वेगात जाते. पुढे वर्सोवा खाडीपूल आणि दहिसर नाका यांच्यापुढे कोणतेही गणित चालत नाही. तीन तासांचा अंदाज सहज पाचवर जातो. बॅगा स्वीकारणे उड्डाणाच्या सुमारे तासभर आधी बंद होते, हे ध्यानात घेता दुपारच्या विमानासाठी पहाटेच निघणे शहाणपणाचे.

सुरतचे विमानतळ रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेथून दाबोळीचे हवाई अंतर ६४५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दीडपट; तरी थेट विमान मिळत असेल तर घरापासूनचा एकूण वेळ वाचू शकतो.

तिकीट काढताना गोव्याचा विमानतळही तपासावा. ‘जीओआय’ म्हणजे दाबोळी, ‘जीओएक्स’ म्हणजे पेडणे तालुक्यातील मोपा. दोहोंमध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटर असले, तरी मध्ये मांडवी आणि जुवारी ओलांडाव्या लागतात. मडगावला जाणाऱ्याने मोपाचे स्वस्त तिकीट घेण्यापूर्वी टॅक्सीचे भाडे विचारून घ्यावे.