दोन कॅमेऱ्यांची सोयरीक

भिंग एका घरचे आणि पेटी दुसऱ्या घरची, अशा दोन वस्तूंची सोयरीक जुळवण्याचा एक उद्योग आम्ही केला. तो कसा केला, कोठे फसला आणि का फसला, एवढेच येथे सांगावयाचे आहे. विषय कॅमेऱ्याचा असला तरी श्रोत्यांना कॅमेऱ्याचे ज्ञान असलेच पाहिजे असे नाही. शाळेतला भागाकार आठवत असला म्हणजे पुरे.

आमच्या मामांचा कृष्णाकाठी फोटो स्टुडिओ होता. त्यांच्यापाशी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी बनलेला पेंटाकॉन सिक्स नावाचा कॅमेरा होता. या घराण्यातला पहिला कॅमेरा, प्राक्टिसिक्स, १९५६ साली निघाला. पेंटाकॉन सिक्स हे नाव १९६६ पासूनचे. त्यात १२० क्रमांकाची रुंद फिल्म घालतात आणि तिच्यावर सुमारे ५६ मिलिमीटर बाजूचा चौरस फोटो उतरतो. भिंग होते कार्ल झाइस येना या कारखान्याचे, ८० मिलिमीटर नाभ्यंतराचे बायोमेटार. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला मोठा पूर आला, त्यात ती पेटी चार दिवस पाण्याखाली राहिली आणि आतली चक्रे गंजून एकजीव झाली. भिंग माळ्यावरच्या डब्यात होते म्हणून वाचले. मामा तर त्याआधीच गेलेले. पुराने वाड्याच्या मातीच्या भिंती फुगल्या होत्या. हिवाळ्यात वाडा पाडायचे ठरले. पाडण्यापूर्वी मामांच्याच भिंगातून वाड्याचे फोटो निघावेत, अशी मामींची इच्छा होती.

आमच्याकडे जपानी मामिया कंपनीचा ६४५ मालिकेतला जुना कॅमेरा होता. ही मालिका १९७५ साली सुरू झाली. फिल्म तीच १२० ची, फोटो मात्र ५६ बाय ४१.५ मिलिमीटरचा. मोठी चौकट भरणारे भिंग लहान चौकट भरणारच. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यांत झडप, म्हणजे शटर, पेटीतच फिल्मच्या पुढ्यात असते, भिंगात नसते. त्यामुळे तोही पेच नव्हता. (हॅसलब्लाडच्या ५०० सी या १९५७ सालच्या कॅमेऱ्यात झडप भिंगातच आहे; तसले भिंग परक्या पेटीला लावायचे म्हणजे ती झडप उघडी ठेवण्याची आणि कळ दाबण्याची वेगळी युक्ती शोधावी लागते.) आमचा प्रश्न फक्त बसवण्याचा होता. पेंटाकॉनचे भिंग पेटीवरच्या फिरत्या कड्याने आवळले जाते. मामियाचे भिंग खाचेत घालून थोडे वळवले की अडकते. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचेत जात नाहीत. मध्ये एक जोडकडे हवे.

हे कडे किती जाडीचे असावे, यातच सगळी मेख आहे. प्रत्येक कॅमेऱ्यात भिंग जेथे टेकते त्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर कारखान्याने ठरवून टाकलेले असते. पेंटाकॉन सिक्समध्ये ते ७४.१ मिलिमीटर, मामिया ६४५ मध्ये ६३.३. भिंगाची चकती 'अनंत' या खुणेवर आणली म्हणजे फार दूरचा डोंगर बरोबर तेवढ्या अंतरावर स्पष्ट उतरतो, पुढे नाही आणि मागे नाही. मामियाची पेटी १०.८ मिलिमीटरने उथळ आहे, तेव्हा तेवढ्याच जाडीचे कडे मध्ये घातले की भिंगाला आपण परघरी आलो आहोत याचा पत्ताही लागू नये.

ही सोयरीक उलटी होत नाही. मामियाचे भिंग पेंटाकॉनला लावायचे तर ते पेटीच्या आत १०.८ मिलिमीटर शिरायला हवे, आणि तेथे जागा नसते. बाहेरच बसवले तर हातभर अंतरावरचे फूल सुरेख येईल, त्यापलीकडचे जग धुके. हॅसलब्लाडचे अंतर ७४.९ मिलिमीटर, म्हणजे पेंटाकॉनचे आणि त्याचे अंतर ०.८ मिलिमीटरचे. पापडाएवढ्या जाडीत दोन्हीकडच्या खाचा कोण बसवणार? जुन्या बाजारात भिंग पाहून हुरळण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी. पुष्कळांचे पैसे वाचतील.

कडे करण्यासाठी आम्ही दोन मोडकी वाढीव कडी मिळवली. जवळचे फोटो घेताना भिंग पुढे सरकवण्यासाठी अशी कडी वापरतात. एक पेंटाकॉनचे, एक मामियाचे. पहिल्याचे तोंड घेतले, दुसऱ्याचे बूड घेतले, आणि मध्ये अॅल्युमिनियमची चकती लेथवर उतरवून तिन्ही सहा स्क्रूंनी आवळली. आतून मंद काळा रंग दिला, कारण चकचकीत धातूवरून उडालेला उजेड फिल्मवर पसरतो आणि काळे ते राखाडी होते. अशी कडी आज तयार विकत मिळतात हे आम्हांला ठाऊक होते. पण वाडा थांबणार नव्हता, आणि खरे सांगायचे तर हौसही होती. लेथवाल्याने जाडी मोजून दाखवली ती १०.८, केसभर कमी नाही की अधिक नाही.

नदीच्या अलीकडच्या घाटावरून, दीडदोनशे मीटरांवरून, संध्याकाळच्या उन्हात आम्ही वाड्याचे फोटो घेतले. घासलेल्या काचेवर वाडा थोडा मऊ दिसत होता. चकती अनंतापर्यंत फिरवली, तरी मऊच. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे आम्ही स्वतःला समजावले. ही आमची खरी चूक. असल्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेडच आरशावरून काचेवर पडतो. काच खोटे बोलत नव्हती, आम्ही ऐकत नव्हतो. दोन रोल, तीस फोटो. धुऊन पाहतो तो सगळ्यांत वाडा लोकरीचा! घाटावरची दीपमाळ एका फोटोत कोपऱ्यात आली होती, तिचा मात्र दगडन् दगड लख्ख.

दुसऱ्या खेपेस टेप घेऊन गेलो. कॅमेऱ्याच्या तिपाईपासून दीपमाळ पावणेअकरा मीटर भरली. आता तो भागाकार. भिंग जितके जास्त पुढे येते, तितके त्याचे स्पष्ट दिसण्याचे अंतर जवळ येते; नाभ्यंतराचा वर्ग केला आणि त्याला त्या अंतराने भागले की पुढे आल्याचे माप मिळते. ८० चा वर्ग ६,४००, भागिले सुमारे १०,७०० मिलिमीटर, उत्तर ०.६. म्हणजे आमचे कडे ०.६ मिलिमीटरने जाड होते. बिघडलेल्या फोटोने आपला बिघाड इतक्या नेमकेपणाने सांगावा याचे आम्हांला आजही नवल वाटते. कडे उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. लेथवाल्याने बाहेरच्या काठापर्यंत मोजले होते, आणि मोजायला सांगितले होते आम्हीच. भिंग टेकते ते आतल्या उंचवट्यावर, आणि तो उंचवटा काठाहून ०.६ ने वर आहे.

याच भागाकारावरून दुसरी एक गोष्ट कळते. कडे ०.१ मिलिमीटर जाड झाले तरी ८० च्या भिंगाला ६४ मीटरांपलीकडचे नेमके टिपता येत नाही. उलट तेवढेच पातळ झाले तर चकती अनंताच्या खुणेच्या किंचित अलीकडे थांबवावी लागते, बाकी काही बिघडत नाही. तेव्हा चूक करायचीच तर पातळपणाकडे करावी. आम्ही मधली चकती ०.६५ ने उतरवून घेतली. फारच उतरली असती तर पितळी पत्र्याची पातळ चकती मध्ये घालून भरून काढता आली असती. कमी असलेले भरता येते.

जाडीइतकीच काळजी समांतरतेची. कड्याची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी उंच राहिली तर फोटोचा डावा भाग स्पष्ट आणि उजवा पुसट येतो, आणि माणूस भिंगाला दोष देत बसतो. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजावे. शेवटची परीक्षा अशी: फिल्म न घालता कॅमेऱ्याचे मागचे दार उघडावे, फिल्म जेथून सरकते त्या पट्ट्यांवर घासलेली काच खरखरीत बाजू भिंगाकडे करून धरावी, झडप उघडी रोखून धरावी, आणि दूरचे टॉवर बहिर्गोल भिंगातून पाहावे. ही परीक्षा आम्ही आधी केली असती तर पाच मिनिटांचे काम होते.

एक गैरसोय उरतेच. पेंटाकॉनची पेटी भिंगाच्या मागची खुंटी दाबून आतला पडदा आपोआप लहान करते. आमचे कडे काही दाबत नाही. आधी पडदा पूर्ण उघडून काचेवर नीट पाहायचे, मग तो हाताने लहान करायचा आणि मग कळ दाबायची. धावत्या पोराचा फोटो या रीतीने निघणार नाही. वाड्याला घाई नव्हती.

कडे दुरुस्त होईतो वाडा उतरवून झाला होता. तो दीपमाळेचा फोटो मामींनी मागून नेला. मागचा वाडा पुसट आला आहे, असे आम्ही म्हटले तर "दिसतोय की," म्हणाल्या. पुढे त्याच जागी तिपाई लावून आम्ही पुन्हा एक रोल घेतला. पलीकडे आता नुसते जोते आहे; त्याचे दगड मोजता येतात.