वरच्या मजल्यावरची धपधप

समजा तुम्ही दहावीत आहात. संध्याकाळी अभ्यासाला बसता आणि डोक्यावरच्या स्लॅबवर धप्, धप्, धप् सुरू होते. पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास. मधूनच एकसुरी, लांबलचक हुंकार ऐकू येतो. वर आठ-नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा राहतो. सोसायटीच्या सचिवांकडे अर्ज जातो, “मुलाला आवरा” असा निरोप वर पोचतो, आई त्याला दटावते आणि धपधप आणखी वाढते. अशा तक्रारींपायी घर बदलण्याची पाळीही एखाद्या कुटुंबावर येते. हे भांडण निम्मे पदार्थविज्ञानाचे आहे, म्हणून त्यात नाक खुपसण्याचे धाडस करतो.

आधी उरलेल्या निम्म्याविषयी थोडेसे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. आईबापांच्या लाडांशी तिचा काही संबंध नाही. अशा पुष्कळ मुलांना काही संवेदना फार तीव्र, तर काही फार मंद जाणवतात. कुकरच्या शिट्टीने जो मुलगा कानांवर हात घेऊन कोपऱ्यात बसतो, त्यालाच पायांवर आणि सांध्यांवर पडणारा दाब हवाहवासा वाटतो. उड्या मारून, एकच ध्वनी पुनःपुन्हा काढून तो स्वतःला शांत करतो. दटावल्यावर त्याची बेचैनी वाढते, म्हणून उड्याही वाढतात. तेव्हा ध्वनीचा उगम बंद करण्याचा नाद सोडून त्याचा मार्ग तपासू.

खालच्या घरात आवाज दोन वाटांनी पोचतो. एक हवेची, दुसरी घन पदार्थाची. हवेतून आलेली ध्वनिलहर काँक्रीटवर आदळते तेव्हा तिची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा परत फिरते, कारण हवा अत्यंत हलकी आणि काँक्रीट अत्यंत जड. पाच इंची स्लॅब बोलण्याचा आवाज सुमारे ४५ डेसिबेलनी तरी कमी करतो. म्हणजे ऊर्जेचा जेमतेम तीस हजारावा भाग पलीकडे जातो. पण टाच थेट स्लॅबवर आदळली की हा पहारा निरुपयोगी ठरतो. कंपने काँक्रीटमध्येच जन्मतात आणि तुमचे अख्खे छत नगाऱ्याच्या चामड्यासारखे हलते.

हे पडताळून पाहा. मोबाइल ‘व्हायब्रेट’वर ठेवून लाकडी टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल करा. केवढी घरघर! आता त्याखाली टॉवेलची चौघडी घाला. मोबाइल तेवढाच थरथरतो आहे, पण टेबल गप्प झाले. चिमुकल्या मोबाइलपेक्षा टेबलाचा विस्तीर्ण पृष्ठभागच हवेला अधिक जोराने ढकलत होता. खलबत्त्याखाली गोणपाटाची घडी घालणाऱ्या आज्यांना हे ठाऊक होते. त्यांनी त्यावर निबंध मात्र लिहिला नाही.

घडीने नेमके काय होते? २५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर आणि संवेग सुमारे ६० एकक असतो. कडक फरशीवर तो ०.०२ सेकंदात थांबला, तर सरासरी आघातबल ३००० न्यूटन भरते. त्याला थांबायला ०.०६ सेकंद मिळाले की तेच बल १००० न्यूटनवर येते. शिवाय लांबलेल्या आघातात उच्च कंप्रतेची कंपने फारशी नसतात. ‘खाड्’चे ‘धुप्’ होते. ते धुप् पुरते नाहीसे होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि गणित करून पाहा : ०.०६ सेकंद मिळण्यासाठी शरीराला थांबताना सुमारे ७ सेंटिमीटर अंतर मिळाले पाहिजे. सतरंजीने ते कसे जमणार? जाड काथ्याची गादी आणि तिच्याखाली रबराची चटई, एवढे तरी लागेल. ही जागा तुळईजवळच्या कोपऱ्यात निवडावी. खोलीच्या मध्यभागी स्लॅब सर्वांत सहज लवतो.

हुंकाराची वाट हवेची. त्यासाठी भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवणारे लोक असतात. त्यांचा खर्च वाया जातो. मऊ वस्तू खोलीतला प्रतिध्वनी थोडा शोषतात, पण ध्वनी बाहेर जाण्याला अडवते ते वस्तुमान आणि बंद फटी. दोन मीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाचा दोनशेवा भाग झाली. दार शिसवी असो वा पोलादी, फटीतून दोनशेवा भाग ऊर्जा निसटतेच. म्हणजे २३ डेसिबेलपेक्षा अधिक घट मिळणे नाही. रबरी पट्टी लावून ती फट आधी बुजवावी, मग दाराची जाडी पाहावी.

आता डेसिबेल-मापकावर न दिसणारी एक गोष्ट. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. काही जणांना मोठा आवाज अनियमितपणे ऐकवला, काहींना ठरावीक अंतराने. आवाज संपल्यावर कोडी सोडवायला व मुद्रिते तपासायला दिली, तेव्हा अनियमित आवाज ऐकणारे अधिक चुकले व लवकर कंटाळले. दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना आवाज बंद करण्याचे बटण दिले, पण शक्यतो दाबू नका असे सांगितले. बहुतेकांनी ते दाबले नाही. आवाज तोच, तेवढाच. तरीही बटण हाताशी असणाऱ्यांचे काम नंतर चांगले झाले!

गादी आणि रबरी पट्टीच्या जोडीला हे बटण दोन घरांमध्येही बसवता येते. वरच्या आईने सांगावे, “तो शाळेतून आला की साडेपाच ते सव्वासहा उड्या मारतो.” खालच्यांनी त्या वेळात अभ्यासाऐवजी जेवण किंवा फिरणे ठेवावे. अर्ज करण्यापूर्वी तुम्हीच जिना चढून जा, काकूंचा फोन नंबर घ्या, आणि बीजगणिताच्या पेपरची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहून या.