लोकसंख्येचा अभ्यास : मूलभूत संकल्पना व महत्त्व

एखाद्या प्रदेशात माणसे किती आहेत, हा प्रश्न राज्यकर्त्यांना फार प्राचीन काळापासून पडत आलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गोप’ या अधिकाऱ्याने घरांची व माणसांची नोंद ठेवावी असे सांगितलेले आढळते. परंतु माणसे मोजणे आणि लोकसंख्येचा अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी होत. मोजणीने एक संख्या हाती येते; ती कशी झाली आणि पुढे तिचे काय होणार, हे सांगणे अभ्यासाचे काम होय. लंडनच्या जॉन ग्रँट या व्यापाऱ्याने १६६२ साली त्या शहराच्या मृत्युनोंदींवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून या शास्त्राचा आरंभ झाला असे सामान्यतः मानले जाते. मुलींपेक्षा मुलगे काहीसे अधिक जन्मतात, ही नियमितता त्याने नोंदींवरून दाखवून दिली. वैयक्तिक आयुष्यात अनिश्चित वाटणाऱ्या घटना समूहात नियमितपणे घडतात, ही या शास्त्राची मूळ दृष्टी होय.

या शास्त्रातील प्रमुख संकल्पना समजून घेण्यास कोकणातील रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण उपयोगी पडेल. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असता एका जिल्ह्याची घटली, याचा अर्थ काय समजावयाचा?

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या केवळ चार प्रकारच्या घटनांनी बदलते. जन्म व येणारे लोक यांनी ती वाढते. मृत्यू व जाणारे लोक यांनी ती घटते. जन्म आणि मृत्यू यांतील अंतरास नैसर्गिक वाढ म्हणतात. आगमन व निर्गमन यांतील अंतरास निव्वळ स्थलांतर म्हणतात. या दोहोंची बेरीज म्हणजे लोकसंख्येतील एकूण बदल. त्या दशकात महाराष्ट्राचे जननमान मृत्युमानाच्या दुपटीहून अधिक होते, आणि रत्नागिरीवर दुष्काळ वा साथीचे असे संकट कोसळले नव्हते की ज्यामुळे मृत्यूंची संख्या जन्मांहून अधिक व्हावी. तेव्हा घट झाली ती नैसर्गिक वाढीच्या अभावाने नव्हे, तर त्या वाढीहूनही अधिक माणसे जिल्हा सोडून गेल्यामुळे, हाच निष्कर्ष निघतो.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. दोन काळांतील आकड्यांची तुलना करताना प्रदेशाच्या सीमा त्याच आहेत की नाहीत, हे प्रथम पाहिले पाहिजे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. ही गोष्ट ध्यानात न घेता १९७१ व १९९१ चे आकडे शेजारी ठेवणाऱ्यास जिल्ह्यात महान उत्पात घडल्याचा भास होईल. २००१ व २०११ यांच्या तुलनेत मात्र तशी अडचण येत नाही.

रत्नागिरीतून होणारे स्थलांतर नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून कोकणातील तरुण त्या शहराची वाट धरू लागले. पुरुष गिरणीत, कुटुंब गावी आणि दरमहा मनिऑर्डर, अशी एक जीवनपद्धतीच ‘चाकरमानी’ या शब्दाभोवती निर्माण झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा काळ ओसरला, तरी बाहेर जाण्याचा ओघ थांबला नाही; त्याची दिशा तेवढी पालटली. २००१ ते २०११ या काळात खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही ७.५७ टक्क्यांनी घटली, तर त्या वेळी पालघर ज्यात समाविष्ट होते त्या ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली.

लोकसंख्येचा आकार सांगून अभ्यास पुरा होत नाही. तिची रचनाही पाहावी लागते. रचनेचे दोन प्रमुख घटक म्हणजे लिंग व वय. २०११ मध्ये महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत ते प्रमाण ११२२ होते. हा आकडा वाचून रत्नागिरीत मुलींचे जन्म अधिक होतात, अशी समजूत कोणी करून घेईल तर ती चूक ठरेल. शून्य ते सहा वयाच्या बालकांत तेथेही मुलींची संख्या मुलग्यांहून कमीच आहे. स्त्रियांचे आधिक्य दिसते ते कामकरी वयाचे पुरुष गाव सोडून गेल्यामुळे.

बालकांतील प्रमाणाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण त्या वयात स्थलांतराचा परिणाम अल्प असतो. जन्मतःच मुलगे काहीसे अधिक असल्यामुळे हजार मुलग्यांमागे सुमारे साडेनऊशे मुली ही नैसर्गिक अपेक्षा धरली जाते. महाराष्ट्रात हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते. २००१ मध्ये ते ९१३ व २०११ मध्ये ८९४ वर आले. गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९८८ साली केला, आणि तरीही ही घसरण झाली. एकूण स्त्री-पुरुष प्रमाणावर विसंबणाऱ्यास हा सामाजिक अपराध रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात दिसलाच नसता.

वयोरचनेचे महत्त्व मृत्युमानाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वर्षातील मृत्यूंची संख्या दर हजार लोकसंख्येमागे मांडली म्हणजे स्थूल मृत्युमान मिळते. २०२० च्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार ते भारतात ६.० व केरळात ७.० होते. यावरून केरळातील आरोग्य देशाहून निकृष्ट आहे असे म्हणावे काय? त्याच वर्षी दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या अर्भकांची संख्या भारतात २८, तर केरळात केवळ ६ होती. केरळात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्यामुळे तेथे मृत्यू अधिक दिसतात, एवढेच. म्हणून वयोरचना भिन्न असलेल्या दोन समाजांची स्थूल मानांवरून तुलना करू नये, हा या शास्त्रातील पहिला धडा होय.

जननाच्या बाबतीतही हेच लागू पडते. प्रचलित वयोनिहाय जननमान कायम राहिल्यास एका स्त्रीस आयुष्यात सरासरी किती अपत्ये होतील, हे एकूण जननदर सांगतो. एका पिढीची जागा दुसरीने घेण्यास तो सुमारे २.१ असावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) तो भारतात २.० व महाराष्ट्रात १.७ आढळला. तथापि लोकसंख्येची वाढ तत्काळ थांबत नाही. पूर्वीच्या अधिक जननामुळे आज अपत्यक्षम वयातील स्त्रियांची संख्याच मोठी असते व प्रत्येकीस अपत्ये कमी झाली तरी एकूण जन्म पुष्कळ होतात. या लोकसंख्येच्या गतीचा विचार न करता केवळ वाढत्या आकड्याने भयभीत होऊन दंडात्मक उपाय सुचविणारे लोक गतकाळातील जननाची शिक्षा वर्तमान पिढीस देऊ पाहतात, असे म्हणावे लागेल.

या सर्व मानांचा छेद म्हणजे लोकसंख्या. आणि छेदच जुना झाला तर गणित चुकते. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेली जनगणना २०२१ मध्ये महामारीमुळे होऊ शकली नाही. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन ठरविणारी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. हा विलंब केवळ अभ्यासकांच्या गैरसोयीचा नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व नागरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांस स्वस्त धान्याचा हक्क दिला, पण लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरविली गेली. त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येस त्या हिशेबात स्थान मिळाले नाही. शाळा, दवाखाने व पाणीयोजना यांचेही तसेच आहे. ज्या गावातून तरुण गेले तेथे वृद्धांच्या शुश्रूषेची सोय हवी, आणि जेथे ते गेले तेथे मुलांच्या शाळा हव्यात. दोन्ही ठिकाणी जुना आकडा चुकीची वाट दाखवितो.

म्हणून लोकसंख्येचा कोणताही आकडा समोर आला असता वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : तो कोणत्या प्रदेशाचा व काळाचा आहे, कोणत्या वयाच्या लोकांविषयी आहे, आणि त्यात जन्म, मृत्यू व स्थलांतर यांचा वाटा किती? रत्नागिरीच्या ८१,७०८ या आकड्यामागे घर सोडणारी माणसे होती, हे या प्रश्नांवाचून कळले नसते. हे प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हेच लोकसंख्येच्या अभ्यासाचे मुख्य प्रयोजन होय.