पहिल्या आवृत्तीचा शोध

अमेरिकेंतील विख्यात कवि एडगर ॲलन पो याचें पहिलें पुस्तक १८२७ सालीं बॉस्टन येथें छापलें गेलें. कवि तेव्हां अठरा वर्षांचा होता. मुखपृष्ठावर त्याचें नांवहि नव्हतें. ‘एक बॉस्टनवासी’ इतकाच उल्लेख होता. ‘टॅमरलेन’ नांवाच्या या चोपड्याच्या सुमारें ५० प्रती निघाल्या असाव्यात, आणि त्यांची फारशी कोणीं दखल घेतली नाहीं. आज त्यांपैकीं अवघ्या बारा ठाऊक आहेत. त्यांतील एक १९८८ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत, खतांविषयींच्या पत्रकांच्या ढिगाखालीं सांपडली. घेणाऱ्यानें पंधरा डॉलर दिले; पुढें लिलावांत तिला १,९८,००० डॉलर आले.

अशा कथा ऐकून पुष्कळांस जुनीं पुस्तकें जमविण्याची हांव सुटते. हांव वाईट खरी. पण ती ज्याला सुटली तो निदान रद्दीचा गठ्ठा सोडून पाहतो, आणि मराठी पुस्तकांच्या दृष्टीनें तेवढेंहि थोडें नव्हे.

एकदां छापून शेंकडों प्रती निघाल्या कीं पुस्तक अमर झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिला गोव्यानें उत्तर दिलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ मध्यें गोव्यास आला. त्यानें मराठींत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें रोमन अक्षरांत १६१६ सालीं छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघालें. आवृत्त्या तीन, पण या तिहींपैकीं एकीचीहि एकहि छापील प्रत आज ठाऊक नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें, तें एक कारण. कोंकणची दमट हवा आणि वाळवी यांनींहि आपलें काम केलेंच असेल. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या नकलांमुळें. अशा नकलांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापण्यांत आला. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत छापून आजवर टिकलेलें सर्वांत जुनें पुस्तक म्हणजे १६४० सालचा एक स्तोत्रसंग्रह. तो ख्रिस्तपुराणाहून चोवीस वर्षांनीं धाकटा. त्याच्या सुमारें १,७०० प्रतींपैकीं ११ उरल्या आहेत, आणि २०१३ सालीं त्यांतील एकीला न्यूयॉर्कच्या लिलावांत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या आवृत्तीची किंमत कोणीं करावी? करावयास प्रतच नाहीं.

कोल्हापूरकरांस याहून जवळचें उदाहरण मिरजेचें आहे. नाना फडणवीसांच्या वेळीं पुण्यांत एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्याची विद्या शिकला. पुढें पेशवाईची घडी विसकटली, तेव्हां मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनीं त्यास आश्रय दिला आणि १८०५ सालीं भगवद्गीता छापविली, असें सांगतात. पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटें कोरावें लागे, तेव्हां कागदावर तें सुलटें उमटे. त्याच सालीं दूर बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी यानें मराठीचें व्याकरण छापलें; त्याचा १८१० चा कोश तर मोडी अक्षरांत आहे. मिरजेच्या गीतेच्या प्रती आज अतिशय विरळ आहेत. घरांतील जुन्या पोथ्यांच्या दप्तरांत ‘छापल्यासारखी’ दिसणारी गीता आढळली तर ती नीट पाहावी, तें एवढ्यासाठीं.

मुंबईंत मराठी छपाईचा पाया अमेरिकन मिशनच्या छापखान्यानें घातला. तेथें १८१७ पासून मराठी छपाई होऊं लागली. याच छापखान्यांत काम पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ सालीं पंचांग छापलें. शाईंत चरबी असते म्हणून सोंवळे लोक छापील पुस्तकास शिवत नसत. त्यांच्यासाठीं गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातलें, असें म्हणतात. निर्णयसागरचे जावजी दादाजीहि लहानपणीं याच मिशनच्या छापखान्यांत कामास होते. पोच्या देशानें पोची प्रत शोधली. त्याच देशाच्या पाद्र्यांनीं मुंबईंत छापलेलीं चोपडीं मात्र येथल्या माळ्यांवर पडून राहिलीं.

जुनें पुस्तक ओळखावें कसें? शिळाछापाचें अक्षर हस्ताक्षरासारखें वळणदार असतें आणि कागदावर सपाट बसतें. खिळ्यांचा छाप असेल तर पानाच्या पाठीवरून बोट फिरवितांच उठाव लागतो. साल पुष्कळदां शकांत असतें. त्यांत ७८ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. ‘सन १८४७ चा २० वा आक्ट’ असा शेरा असेल तर लेखकानें आपला हक्क राखला आहे. ‘सन १८६७ चा २५ वा आक्ट’ असेल तर पुस्तक त्या सालानंतर सरकारांत नोंदलेलें आहे. त्या नोंदीपूर्वींच्या पुस्तकांना अभ्यासक ‘दोलामुद्रितें’ म्हणतात, पाळण्यांतील छापे. शेवटचीं पानें आधीं पाहावींत. आश्रयदात्यांच्या नांवांची यादी बहुधा तेथें असते. कोणत्या गांवच्या कोणत्या मामलेदारानें किती प्रती घेतल्या हें तींत कळतें. पुढच्या आवृत्तींत ही यादी गळते, प्रस्तावना बदलते, क्वचित् मजकूरहि सुधारला जातो. पहिल्या आवृत्तीचें मोल येथें आहे.

कागदाची एक गोष्ट नवख्यास चमत्कारिक वाटते. १८५० चें पुस्तक पुष्कळदां घट्ट व शुभ्र असतें, आणि १९०० चें हातांत घेतांच पापडासारखें मोडतें. पूर्वींचा कागद चिंध्यांचा होता. पुढें लांकडाच्या लगद्याचा आला, त्यांतील आम्ल त्यालाच खातें. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावूं नये. तिचा गोंद पिवळा पडून अक्षरासह पान घेऊन जातो. बुकबाइंडराकडे देतांना तर फार सांभाळावें. कडा सारख्या करण्याच्या हौसेनें तो समास कापतो, आणि समासांत कोणा वाचकानें लिहिलेलें टिपण कापणाराच्या पायाशीं पडतें. स्वच्छ सुती कापडांत गुंडाळावें, भिंतीपासून दूर ठेवावें, पावसाळा संपतांच वारा द्यावा. कसरीला इतकेंच पुष्कळ होतें.

पण घराला जें साधतें तें नदीपुढें चालत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णेच्या महापुरांत सांगलीच्या नगर वाचनालयाचीं असंख्य पुस्तकें चिखलांत गेलीं. कोल्हापुरांतील करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्यें सुरू झालें. म्हणजे दोलामुद्रितांच्या काळांतच तें जन्मलें. अशा जुन्या संस्थांतून ग्रंथ जपले जातात, तरी एका ठिकाणची एकच प्रत म्हणजे जपलेली प्रत नव्हे.

शंकर गणेश दाते यांनीं ग्रंथालयें हिंडून, पुस्तकें प्रत्यक्ष पाहून १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली; तिचा पहिला भाग १९४३ सालीं निघाला. मोठ्या ग्रंथालयांत ती मिळते. माळ्यावरचें पुस्तक रद्दींत देण्यापूर्वीं त्यांत पाहावें. नोंद सांपडली नाहीं, किंवा साल मागचें निघालें, तर मुखपृष्ठ, शेवटचें पान आणि मुद्रकाचें नांव यांचीं छायाचित्रें घेऊन जवळच्या जुन्या वाचनालयास दाखवावींत. आणि पुस्तक फाटकें असलें तरी त्याचा एकहि कपटा तोंवर फेंकूं नये.