रोवणीच्या दिवसांत अपघात दाव्यांचा वकील

सकाळी 7
सालेकसा तालुक्यातून फोन. रोवणीच्या बाया घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली, एकीचा पाय मोडला. ट्रॅक्टर गावातल्याच माणसाचा, म्हणून 'घरी पडली' असे दवाखान्यात सांगायचे घाटते आहे. मी बजावतो: खरे तेच सांगा, पोलिसांत नोंद करा, पावत्या जपा. केसपेपरवर 'घरी पडली' लिहिले गेले, की पुढे तोच कागद तिच्या विरोधात उभा राहतो.

सकाळी 9.30
गोंदियातल्या ऑफिसात तरुण विधवा. पिशवीत आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला. नवऱ्याच्या कमाईचा पुरावा मात्र नाही. त्याचे वय 32, म्हणून भरपाईच्या हिशेबातला गुणक 16. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, घरचे चौघे अवलंबून म्हणून त्याच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. महिना 12,000 सिद्ध झाले तर 24,19,200 रुपये. 9,000च धरले तर 18,14,400. फरक सहा लाखांवर. बँक पासबुक आणि ठेकेदाराचा हजेरीपट शोधायला सांगतो.

सकाळी 11
मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रॉलीचा जुना दावा. विमा कंपनीचा बचाव ठरलेला: पॉलिसी शेतीच्या वापराची, माणसे नेण्याची नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी खटल्यात ठरवले. मग भरपाईचा बोजा मालकावर येतो आणि त्याच्याकडे असते दोन-तीन एकर धानाची जमीन. कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे भरायला लावून मालकाकडून वसूल करायची मुभा देते. पण त्यावर विसंबता येत नाही.

दुपारी 3
एका निकालाची रक्कम जमा झाली. मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहणार. "वकीलसाहेब, सारा पैसा आताच नाही भेटंल का?" आई विचारते. घरावर कर्ज आहे, तिची निकड खरी आहे. गरज पडल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे तिला समजावून सांगतो.

सायंकाळी 6
नवा अर्ज लिहायला घेतो. मजूर हैदराबादेत कामाला होता, अपघातही तिकडेच झाला. पण वारस राहतात तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो, म्हणून त्यांना तेलंगणाच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. मुदतीची मात्र घाई आहे. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची अट आली; तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी तेवढ्या भरवशावर कुणी थांबू नये.

ट्रॅक्टरमालकांना कळकळीची विनंती: मजुरांना ट्रॉलीत बसवू नका, प्रवासी गाडी करा. भाड्याचे थोडे पैसे वाचवताना तुमची जमीन आणि त्यांचा जीव, दोन्ही पणाला लागतात.